रस्ता संपतो तिथून पुढे : पनवेल, धोदाणी आणि माथेरानची पायवाट

नवीन पनवेलहून सुकापूर, विहिघर, नेरे या गावांकडे जाणाऱ्या रस्त्याला स्थानिक व्यवहारात ‘माथेरान रोड’ म्हणतात, परंतु या रस्त्याने कोणतेही वाहन माथेरानला पोचत नाही; गाढी नदीच्या खोऱ्यातून मालडुंगे आणि देहरंग मागे टाकून तो धोदाणी या डोंगरपायथ्याच्या गावाशी थांबतो आणि तिथून माथेरानच्या पठारापर्यंतची सहाशे मीटरांहून अधिक चढण पायवाटेनेच चढावी लागते. पनवेल ते धोदाणी हे अंतर अठरा-वीस किलोमीटरांचे असून तेवढ्यासाठी एसटीची सोय आहे, पण ज्याला शहर आणि डोंगर यांचे नाते समजून घ्यायचे आहे त्याने या खोऱ्यातला काही भाग तरी पायी चालावा, कारण गेल्या पन्नास वर्षांत बदललेल्या आणि अजूनही न बदललेल्या अशा दोन्ही गोष्टी इथे एकाच वाटेवर दिसतात. डोंगरात फिरायला जाणारे लोक या वाटेला धोदाणी-सनसेट पॉइंट वाट म्हणून ओळखतात. पायथ्याच्या वाड्यांतील माणसांच्या लेखी मात्र ती बाजाराची, रोजगाराची आणि दवाखान्याची वाट आहे, आणि प्रस्तुत लेखात तिचा विचार मुख्यतः याच अंगाने केला आहे.

पायी प्रवासाचा इतिहास पनवेलला नवा नाही. खाडीवरचे बंदर म्हणून हे गाव वाढले आणि रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेला प्रवासी होडीने पनवेलला उतरून चौक, खोपोली आणि बोरघाट या मार्गाने देशावर जात असे. ऐपतदार पालखीत बसत, बाकीचे चालत. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि 1863 मध्ये त्याच घाटातून रेल्वे पुण्याच्या बाजूला जोडली गेली, तेव्हा प्रवाशांचा ओघ कल्याण-कर्जत मार्गाकडे वळला व पनवेलचे मधल्या मुक्कामाचे महत्त्व ओसरले. 1852 मध्येच नगरपालिका मिळालेल्या या गावाच्या वाट्याला पुढची शंभर वर्षे तालुक्याच्या बाजारपेठेचे शांत जिणे आले. माथेरानचा आधुनिक इतिहासही याच बाजूने सुरू होतो. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट मे 1850 मध्ये चौक येथून डोंगर चढून पठारावर गेले, आणि त्यानंतर तिथे थंड हवेचे ठिकाण वसले. मॅलेट यांनी माथेरान ‘शोधले’ असे पर्यटनाच्या पुस्तिकांत छापलेले असते, पण ज्या वाटेने ते वर गेले ती आधीपासून मळलेली होती आणि ती मळवणारी ठाकर व कातकरी माणसे पिढ्यान्‌पिढ्या या डोंगरात राहत होती, ही गोष्ट त्या वाक्यात मावत नाही. पुढे 1907 मध्ये नेरळहून छोटी रेल्वे पठारावर आली, पाहुण्यांचा राबता नेरळकडून सुरू झाला आणि पनवेलच्या बाजूच्या पायवाटा पुन्हा स्थानिक लोकांपुरत्या उरल्या.

धोदाणीपर्यंतचे खोरे हे भातशेतीचे खोरे आहे, आणि भाताच्या मुलखात पायवाट कशी चालते हे समजल्याशिवाय तिच्या हक्काचा प्रश्न कळत नाही. खाचर म्हणजे पाणी धरून ठेवण्यासाठी चारही बाजूंनी मातीची कड घातलेला शेताचा तुकडा, आणि ही कड म्हणजे बांध. जेमतेम हात-दीड हात रुंदीचा हा बांध एकाच वेळी तीन कामे करतो : तो पाणी अडवतो, दोन शेतकऱ्यांच्या जमिनींची हद्द दाखवतो आणि पावसाळ्यात माणसांना चालायला कोरडी जागा देतो. आषाढात लावणीपूर्वी शेतकरी त्याच खाचरातला चिखल उचलून बांधाच्या आतल्या अंगाला थापतात, खेकड्यांनी पाडलेली बिळे बुजवतात, आणि हा ओला थर वाळेपर्यंत त्याच्या कडेवर पाय पडला तर कड ढासळून एका खाचरातले पाणी दुसऱ्यात उतरते; म्हणून या मुलखातला माणूस बांधाच्या मधोमध, पाऊल आडवे न टाकता एकामागे एक चालतो. कार्तिकात कापणी होऊन खाचरे रिकामी झाली की हीच वाट बांध सोडून शेतातून तिरकी जाऊ लागते, अंतर कमी होते आणि धसकटांतून (कापलेल्या भाताच्या राहिलेल्या बुडख्यांतून) पावलांची एक पांढुरकी रेघ उमटते, ती पुढच्या नांगरणीपर्यंत टिकते. थोडक्यात, एकाच वाटेची पावसाळी आणि उन्हाळी अशी दोन रूपे असतात, आणि ती दोन्ही गावाला ठाऊक असतात.

या खोऱ्याचा सांगाडा म्हणजे गाढी नदी होय. माथेरानच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी देहरंगजवळच्या धरणात अडते, तिथून पनवेल शहराला पाणी पुरवते आणि पुढे शहराला वळसा घालून पनवेलच्या खाडीला मिळते. शहरातल्या नळाचे पाणी ज्या डोंगरउतारावरून येते तिथल्या वाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागावी, ही विसंगती महाराष्ट्रातील अनेक धरणांच्या बाबतीत दिसते आणि ती इथेही नजरेआड करता येत नाही. पावसाळ्यात धरणालगतच्या गाढेश्वर परिसरात पोहण्यासाठी येणाऱ्या लोकांचे बुडून मृत्यू होतात, म्हणून प्रशासन दरवर्षी या भागात पर्यटकांना मनाई करणारे आदेश काढते. बाहेरून चालायला येणाऱ्याने हे आदेश आधी पाहून घ्यावेत आणि एरवीही कार्तिक ते माघ हाच काळ निवडावा.

धोदाणीच्या पुढे वाटेचा स्वभाव बदलतो व त्याचे कारण खडकात आहे. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनलेला आहे. त्यातील घट्ट, अभेद्य थर झिजताना सरळ तुटतात आणि त्यांचे कडे होतात, तर सच्छिद्र, ठिसूळ थर झिजून मंद उताराचे पट्टे तयार करतात, ज्यांना माची किंवा पदर म्हणतात. डोंगरातली कोणतीही जुनी वाट पाहिली तर ती पदरावरून आडवी जाते, कड्याची सलग भिंत टाळते, आणि जिथे डोंगराची सोंड, म्हणजे मुख्य डोंगरापासून खाली उतरत गेलेली धार, कड्याला येऊन भिडते किंवा जिथे पाण्याने कडा चिरून नाळ पाडली आहे तिथेच वर सरकते. दोन थरांच्या सांध्यातून पाणी झिरपते, तिथे झरे असतात, झऱ्यांच्या आसपास वाडी वसते आणि वाडीपासून वाडीकडे वाट जाते. ही आखणी कोणा अभियंत्याने केलेली नाही, पण तिच्यात पाणी, चढ आणि ओझे या तिन्हींचा हिशेब आहे, आणि तो आजही बिनचूक लागू पडतो. सरावाचा माणूस ही चढण दीड-दोन तासांत चढतो. नवख्याला तीन तास धरावे लागतात आणि मुरमाड घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या खड्यांच्या उतारावर, चढण्यापेक्षा उतरताना जास्त जपावे लागते. पश्चिमेकडे प्रबळगड आणि त्याला लागून कलावंतिणीचा सुळका सतत सोबत करतात. वाट जिथे पठारावर निघते त्या सनसेट पॉइंटवरून पाहिले तर सूर्य त्याच बाजूला मावळतो.

या वाटेने रोज कोण चालते, याचे उत्तर माथेरानच्या रचनेत आहे. पठारावर खासगी मोटारींना बंदी आहे; 2003 मध्ये केंद्र सरकारने माथेरान व आसपासचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचितही केला. मोटारबंदीमुळे तिथली घरे, हॉटेले आणि खाणावळी यांना लागणारी प्रत्येक वस्तू घोड्यावर, हातगाडीवर, छोट्या रेल्वेने किंवा माणसाच्या डोक्यावरून येते. नेरळच्या बाजूने येणारा माल मोठा व ठोक असतो. पनवेलच्या बाजूच्या वाड्यांतून जाते ती भाजी, दूध, रानातली फळे आणि मुख्य म्हणजे माणसांचे श्रम. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी आणि पाटीत रानभाज्या किंवा करवंदे घेऊन चढणाऱ्या बाईला दोन्ही हात मोकळे ठेवावे लागतात, कारण कातळाच्या टप्प्यावर एका हाताने झाडाचे मूळ धरायचे असते. म्हणून पाटी तोलायचे सगळे काम मान आणि कंबर करतात व पाऊल टाचेवर न पडता आधी चवड्यावर पडते. अशा चालीला पायऱ्यांपेक्षा मळलेली माती सोयीची असते. हॉटेलांत कामाला जाणारे पुरुष सकाळी चढतात आणि दिवस बुडण्यापूर्वी उतरतात. नकाशावर माथेरान कर्जत तालुक्यात आणि धोदाणी पनवेल तालुक्यात पडते, पण या माणसांच्या व्यवहारात ती दोन गावे एकाच बाजाराची दोन टोके आहेत.

पायवाट एवढाच दुवा असणे ही अभिमानाने मिरवण्याची गोष्ट मात्र नव्हे, आणि या मुलखाविषयी लिहिणाऱ्याने ते स्पष्ट म्हटले पाहिजे. माथेरानच्या दक्षिणेला, खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती होती. 19 जुलै 2023 च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकांना मुसळधार पावसात, अंधारात, निसरड्या पायवाटेने तास-दीड तास चढून जावे लागले, यंत्रे वर नेता आली नाहीत, हवामानामुळे हेलिकॉप्टर उपयोगी पडले नाही आणि ढिगारा कुदळ-फावड्यांनी उपसावा लागला. 27 मृतदेह हाती लागले आणि 57 जण बेपत्ता असताना चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. दरड का कोसळली हा भूशास्त्राचा प्रश्न आहे आणि रस्ता असता तर ती टळली असती असे कोणी म्हणणार नाही. पण पायथ्यापासून वाडीपर्यंतची वाट दगडाने बांधलेली, पाणी बाजूला काढलेली आणि रात्री चालता येईल अशी असती, तर मदतीचे पहिले काही तास वाटेत खर्ची पडले नसते. धोदाणी परिसरातील वरच्या वाड्यांतूनही आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाईला झोळीत घालूनच खाली आणावे लागते. पायवाट हवी की रस्ता, असा वाद शहरात रंगतो. वाडीला आधी धड पायवाट हवी असते आणि तीही तिला मिळालेली नसते.

कायद्याने पायवाटेला स्थान दिले आहे का, याचे उत्तर पुष्कळांना वाटते त्यापेक्षा अधिक होकारार्थी आहे. भूमी अभिलेख विभागाच्या गाव नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा, ज्या खासगी मालकीच्या नाहीत, त्या शासनाच्या मालकीच्या आहेत. याच संहितेचे कलम 143 शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी शेजारच्या भूमापन क्रमांकांच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, वाट मागण्याचा अधिकार देते व तिचा निर्णय तहसीलदार करतो. आधीपासून असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली अडथळा दूर करून मागता येतो, मात्र त्यासाठी अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. याशिवाय भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 प्रमाणे एखादी वाट वीस वर्षे उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्क म्हणून वापरली असेल तर त्या वापरातून कायमचा हक्क निर्माण होतो. सुविधाधिकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीचा मालक न होता तिचा ठरावीक उपयोग करण्याचा हक्क.

परंतु या तरतुदींचा आधार शेतजमीन, तिचे क्रमांक आणि तिचे बांध हा आहे, आणि पनवेलच्या परिसरात नेमका तोच आधार सरकतो आहे. 1970 मध्ये सिडको या शासकीय शहर-नियोजन महामंडळाची स्थापना होऊन नवी मुंबईची उभारणी सुरू झाली. 2013 मध्ये, तेव्हा नियोजित असलेल्या नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी ‘नैना’ हे अधिसूचित क्षेत्र जाहीर झाले आणि सुकापूर, विहिघर, नेरे ही माथेरान रोडवरची गावे शहर नियोजनाच्या कक्षेत आली. इथे नगररचना परियोजना राबवतात, ज्यात अनेक मालकांच्या जमिनी एकत्र घेऊन, जुन्या हद्दी पुसून, नव्या आकाराचे भूखंड व नवे रस्ते आखले जातात आणि मालकांना त्यांच्या वाट्याचे नवे भूखंड परत दिले जातात. रस्ते रुंद व सरळ होतात, गटारे होतात, आणि शहराला ते हवेच आहे. मात्र ज्या बांधावरून वाट जात होती तो बांधच उरत नाही. त्यासोबत एकेरी तुटक रेषा जाते, आणि कोणी वाट अडवली असे म्हणायला अडवणारा माणूसही सापडत नाही. पायवाट अशी नाहीशी होते की तिच्या नाहीसे होण्याची तारीख सांगता येत नाही. जिथे परियोजना पोचलेली नाही तिथे शेतघरांची कुंपणे हेच काम किरकोळीने करतात. खोऱ्याच्या उत्तर बाजूला वडोदऱ्याहून येणाऱ्या द्रुतगती महामार्गासाठी माथेरानच्या डोंगररांगेखालून चार किलोमीटरांहून लांब जुळे बोगदे काढून त्याला मोरबेच्या बाजूला उतरवले आहे. मोटारीला डोंगर आरपार करून देणाऱ्या याच काळात पायी माणसाची वाट कुठेच मोजली जात नाही, हे प्राधान्य खटकण्यासारखे आहे. धोदाणीहून माथेरानला यांत्रिक साधनाने चढण्याच्या योजनांची चर्चाही अधूनमधून होते. त्या प्रत्यक्षात आल्या तरी त्यांचे भाडे पाटीभर भाजी विकणाऱ्या बाईला परवडेल असे समजण्याचे कारण नाही.

इंग्लंडमध्ये पायवाटांच्या हक्काचा हा प्रश्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी असाच उभा राहिला होता. जमीनदारांनी माळराने बंद केली तेव्हा 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टर-शेफिल्डकडच्या कामगारांनी किंडर स्काउट या डोंगरावर उघडपणे चढून सामूहिक प्रवेश केला, काहींना तुरुंगवास झाला, आणि पुढे 1949 च्या कायद्याने प्रत्येक परगण्याच्या स्थानिक सत्तेवर तिथल्या सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा तयार करण्याचे बंधन आले. या नकाशावर नोंदलेली वाट जमीन विकली गेली तरी कायम राहते. तिथे घरे बांधायची असतील तर बांधणाऱ्याने आधी रीतसर आदेश घेऊन वाट वळवून द्यावी लागते. तिथली चळवळ मोकळ्या हवेसाठी चालणाऱ्या कारखान्यातील कामगारांची होती आणि इथली गरज पोटासाठी चालणाऱ्या आदिवासींची आहे, हा फरक मोठा आहे, आणि त्यामुळे इथला दावा कमी नव्हे तर अधिक सबळ ठरतो.

असा वेगळा कायदा महाराष्ट्रात होईल तेव्हा होवो. तोवर हाताशी असलेली साधने थोडी नाहीत. डोंगरउतारावरच्या वनजमिनीसाठी 2006 चा वनहक्क कायदा आहे, ज्याच्या कलम 3(2) नुसार रस्त्यासह काही ठरावीक गावसुविधांसाठी, ग्रामसभेची शिफारस असल्यास, प्रत्येक कामी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वापरायला देता येते, मात्र हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तोडता येत नाहीत. बांधीव पायवाटेला इतकी जमीनही लागत नाही आणि नीट आखली तर झाड तोडायचे कामच पडत नाही. खोऱ्यातल्या सपाटीवर नगररचना परियोजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत असते, आणि या मुदतीत गाव नकाशाची प्रत दाखवून, तुटक रेषेचे गट क्रमांक लिहून, ही वाट नव्या आराखड्यात पादचारी मार्ग म्हणून ठेवावी अशी लेखी मागणी कोणाही बाधित व्यक्तीला करता येते. पनवेलमध्ये दर शनिवार-रविवारी डोंगराकडे निघणाऱ्या मंडळींची कमतरता नाही, त्यांच्या मोबाइलमध्ये चाललेल्या वाटेचा नकाशा आपोआप उमटतो आणि वाड्यांतील वडीलधाऱ्यांना कोणती वाट कधीपासूनची हे तोंडपाठ असते. या दोघांनी एकत्र बसून सुकापूरपासून धोदाणीपर्यंतच्या आणि धोदाणीपासून पठारापर्यंतच्या वाटा गाव नकाशावर उतरवल्या, पावसाळी वाट कोणती व उन्हाळी कोणती हेही त्यात लिहिले आणि ते कागद ग्रामसभेच्या ठरावाला जोडून तहसीलदाराकडे आणि सिडकोकडे दाखल केले, तर वाटेच्या आजच्या वापराचा लेखी पुरावा तयार होईल. नेऱ्याच्या अलीकडे हे काम आधी हाती घ्यायला हवे, कारण तिथे बांध अजून जागेवर असलेल्या शेतांच्या शेजारीच इमारतींचे पाये खणले जात आहेत.